पकड कोणाच्या नावावर?

नसरापूरवरून वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक गाव. जत्रेची रात्र, हॅलोजनचा उजेड, पाणी मारून दाबलेली माती. कबड्डीचा सामना रंगात आलेला आणि शेजारी बसलेला कॉलेजचा पोरगा यजमान संघाच्या डाव्या कोपऱ्यावर वैतागलेला. "पूर्ण मॅचमध्ये एक पकड! कशाला खेळवतात याला?" मागं बसलेले एक आजोबा हसले. म्हणाले, "आरं, त्याच्या बाजूला कोण मरायला जातंय?"

पोरगा प्रो कबड्डीचे आकडे बघत मोठा झालेला. चढाईचे गुण, पकडीचे गुण, सुपर टेन, हाय फाइव्ह. आजोबांनी कधी आकडा पाहिला नाही. दोघंही एकाच खेळाडूकडं बघत होते. मला वाटतं, आकडेवारीवरचा सगळा वाद त्या एका वाक्यात आला होता.

फुटबॉलवाल्यांनी हा वाद आपल्याआधी पुष्कळ घातलाय. तिथं आता 'एक्सजी' असतो. फटका कुठून, किती कोनातून, पायानं की डोक्यानं मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. मारणाऱ्याला मोजायला हे बरंच कामाचं आहे. पण बचाव करणाऱ्याला मोजायचं कसं? मँचेस्टर युनायटेडनं २००१ साली याप स्टामला लाझिओला विकलं. त्याच्या टॅकलची संख्या घटली होती आणि तो आकडाही त्या निर्णयामागं होता, असं सांगितलं जातं. विकणं चूक होती हे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर मान्य केलं. २००५ साली तोच स्टाम एसी मिलानकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला, मालदिनीच्या बचावफळीत. जागेवर नीट उभ्या असलेल्या बचावपटूला टॅकल करायची वेळच कमी येते. त्याचं काम चोख झालं की आकडा खाली येतो.

कबड्डीत हा घोळ आणखी वाढतो, कारण इथं बचाव ही साखळी आहे. कोपऱ्यानं घोटा धरला, चढाईपटू मध्यरेषेकडं झेपावला, तेवढ्यात कव्हरनं त्याला अंगावर घेतलं. कव्हर आला नसता तर कोपराच बाद होऊन बाहेर बसला असता. तक्त्यात मात्र पकड एकाच्याच नावावर लागते.

आणखी एक गंमत बघा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर तिचे दोन गुण मिळतात, तीच सुपर टॅकल. म्हणजे ज्याचा संघ सारखा लोण पडायच्या बेतात असतो, त्याला हे दुप्पट गुण मिळवायची संधी जास्त. सातच्या सात गडी मैदानात ठेवणाऱ्या संघातल्या कोपऱ्याला ती क्वचितच मिळते. दोघांचे गुण शेजारी मांडून कोण भारी हे ठरवणं म्हणजे निव्वळ करमणूक झाली.

चढाईचंही तसंच. दोन मिनिटं उरलीत, आपण चार गुणांनी पुढं आहोत. कप्तान सांगतो, निदान रेषा ओलांड, वेळ काढ, परत ये. पोरगा नेमकं तेच करतो आणि त्याची सरासरी घसरते. किंवा मुख्य चढाईपटू बाहेर बसलाय आणि दुसऱ्या फळीतल्या कुणीतरी एक गडी टिपून त्याला आत आणलं. नंतर मुख्य चढाईपटूनं दहा गुण घेतले. आत आणणाऱ्याच्या नावावर राहिला एक. बोनस घेऊन कुणी आत येत नाही, पण गुणांच्या बेरजेत बोनस आणि गडी सारखेच मोजले जातात.

२०१९च्या हंगामात प्रदीप नरवालनं चढाईत तीनशेच्या वर गुण घेतले, तरी पाटणा पायरेट्स पहिल्या सहांत आले नाहीत. उलट १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणनं हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा हंगामातल्या पहिल्या पाच चढाईपटूंमध्ये पुण्याचा एकही नव्हता. यावरून प्रदीप लहान ठरत नाही. त्याची डुबकी ज्यानं पाहिलीय त्याला मी काय सांगणार! पण संघ कशानं जिंकतो, हे त्या तक्त्यातून कळत नाही एवढं खरं.

मग आजोबांचा डोळा खरा मानायचा? इथं मी जरा थबकतो. डोळ्यालाही सवयी असतात. उंच पोरगा, ओळखीचं आडनाव, मागच्या वर्षी मारलेली एक हनुमान उडी जन्मभर लक्षात. तालुक्याच्या टोकाच्या वाडीवरनं आलेल्या, कुणी नाव न ऐकलेल्या पोराला वहीतला आकडाच वाचवू शकतो, कारण आकड्याला त्याचा मामा कोण हे माहीत नसतं. म्हणून आकडे फेकून द्या असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. माझी तक्रार एवढीच, की टीव्हीला दाखवायला सोपं ते आपण मोजतो आणि मग तेवढ्यालाच खेळ समजतो.

याची किंमत कुणीतरी मोजतं. सामना संपल्यावर त्या डाव्या कोपऱ्याला गाठलं. पुढच्या वर्षीपासून चढाई करणार म्हणाला. "निवडीला गेलं की विचारतात, गुण किती? कोपऱ्यात उभं राहून काय सांगू?" मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या सामन्याला तो परत उतरला तेव्हा शेजारच्या पोराच्या हातात मी पेन दिलं. पत्रिकेच्या मागं दोन रकाने आखले, डावा कोपरा आणि उजवा कोपरा. चढाईपटू ज्याच्या अंगावर जाईल तिकडं एक रेघ. याही मोजणीत खोट आहेच. चढाईपटूची स्वतःची एक आवडती बाजू असते, आणि एका रात्रीच्या रेघांवरून काही सिद्ध होत नाही. पोरानं ते मलाच ऐकवलं, पण रेघा ओढत राहिला.

मध्यंतरापर्यंत उजवा रकाना भरत आला होता. डाव्यात दोनच रेघा होत्या.