नियमित प्रसारणातील खंड : आकाशवाणीची लोकहितार्थ विशेष प्रसारणे आणि गोंदिया जिल्ह्यातील श्रोता

नभोवाणीवरील कार्यक्रमांची समीक्षा आपल्याकडे झाली ती प्रामुख्याने श्रुतिका, भाषणे, संगीतसभा आणि शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम यांच्या अनुषंगाने. हे कार्यक्रम थांबवून जे सांगितले जाते, त्याकडे मात्र प्रसारणाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून क्वचितच पाहिले गेले. चालू गाणे मध्येच तुटते, क्षणभर शांतता पसरते आणि उद्घोषक वेगळ्या स्वरात बोलू लागतो. हा खंड म्हणजेच एक विधान असते. ‘आता जे सांगणार आहोत, ते तुम्ही ऐकत होता त्याहून महत्त्वाचे आहे,’ असे केंद्र श्रोत्याला बजावत असते. अशा विधानाची शब्दकळा, त्याचा अधिकार आणि त्याची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी गोंदिया जिल्हा निवडला आहे, कारण वैनगंगेच्या काठावरील आणि तीन राज्यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात अशा प्रसारणाची गरज आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांतील ‘वृत्त-नभोवाणी’ या अर्थाने भारतात खाजगी केंद्र अस्तित्वात नाही. खाजगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. २०१९ पासून आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करण्याची परवानगी तेवढी त्यांना मिळाली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरी नभोवाणीवरील बातमीचा अधिकार आजही आकाशवाणीकडेच आहे. त्यामुळे नियमित प्रसारण थांबवून लोकांना काही सांगण्याची जबाबदारीही मुख्यतः तिच्यावरच येते.

खंडाचा इतिहास

या प्रकाराचा भारतातील सर्वांत गंभीर प्रसंग ३० जानेवारी १९४८ चा. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्याच संध्याकाळी ऑल इंडिया रेडिओने वृत्त दिले, तेव्हा मारेकरी हिंदू असल्याचे आवर्जून सांगण्यात आले. फाळणीनंतरच्या त्या वातावरणात या एका शब्दाने काय टळले असेल, याची कल्पना करता येते. लोकहितार्थ प्रसारणात कोणता तपशील आधी सांगावा याचा हा वस्तुपाठच होय. परंतु महाराष्ट्रातील अभ्यासकाला येथे थांबता येत नाही. मारेकऱ्याची जात कळल्यानंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आणि नागपूरकडेही ब्राह्मणांची घरे जाळली गेली. दिल्लीच्या दृष्टीने शांतता राखणारी माहिती प्रदेशाच्या पातळीवर अपुरी ठरली. नागपूर केंद्र सुरू झाले ते त्याच वर्षी, पण या घटनेनंतर. त्या आठवड्यात या प्रदेशातील लोकांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिस्थितीला अनुसरून बोलणारे केंद्रच येथे नव्हते. केंद्र असते तर जाळपोळ टळली असती असे म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. सर्व देशाला उद्देशून केलेले निवेदन प्रत्येक प्रदेशाची गरज भागवत नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

दुसरा प्रसंग ३१ ऑक्टोबर १९८४ चा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी नऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूचे वृत्त बी.बी.सी.ने दुपारीच दिले होते. आकाशवाणीने ते अधिकृतपणे दिले संध्याकाळी. राष्ट्रपती झैलसिंग येमेनच्या दौऱ्यावर होते, राजीव गांधी पश्चिम बंगालमध्ये होते आणि सत्तेचा प्रश्न सुटेपर्यंत शासनाला अवधी हवा होता. ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण मधल्या तासांत देशाने काय ऐकले? सरकारी नभोवाणी ज्यांच्या घरात होती, त्यांना आपल्याच देशातील घटना लंडनहून कळली. ज्यांच्याकडे लघुलहरींचा संच नव्हता, त्यांच्यापर्यंत ती अफवेच्या रूपाने पोहोचली. विश्वासार्हतेची ही हानी केवळ त्या दिवसापुरती नव्हती. संकटकाळी आधी परदेशी केंद्र लावण्याची सवय त्या पिढीला लागली होती, ती अशा अनुभवांतून घट्ट झाली.

येथे एक अवांतर निरीक्षण. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना बातमीच्या आधीच बातमी कळत असे. चित्रपटगीते बंद होऊन सारंगीचे करुण सूर सुरू झाले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणत, कोणीतरी मोठे गेले. राष्ट्रीय दुखवट्यातील हे संगीत म्हणजे खंडाचे अत्यंत संयत आणि अर्थपूर्ण रूप होते. शब्दांची घाई नाही, आवाजात नाट्य नाही. आजच्या वृत्तवाहिन्यांच्या सततच्या ‘ताज्या बातमी’शी तुलना केली असता त्याचे मोल कळते. परंतु सूर म्हणजे माहिती नव्हे. कोणीतरी गेले एवढे कळून कोण, कसे, आणि आता आपण काय करावे, हे न कळणे, ही अवस्था दुःखाच्या प्रसंगी सहन होते, पुराच्या प्रसंगी होत नाही.

‘विशेष’ या शब्दाची झीज

याच दोन टोकांच्या मध्ये आकाशवाणीचे बहुसंख्य ‘विशेष’ कार्यक्रम येतात. जयंत्या, पुण्यतिथ्या, जागतिक दिन, सप्ताह, पंधरवडे, योजनांची माहिती. २६ जून १९७५ रोजी सकाळी आणीबाणीची माहिती देणारे पंतप्रधानांचे भाषण आणि ३ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्री युद्धाबाबत झालेले भाषण ही दोन्ही एकाच यंत्रणेतून, एकाच गंभीर स्वरात देशापर्यंत पोहोचली. श्रोत्याच्या कानाला दोहोंत फरक करता येणे अवघड होते. ३ ऑक्टोबर २०१४ पासून प्रसारित होणारा ‘मन की बात’ हा कार्यक्रम महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सर्व केंद्रांवरून सहक्षेपित होतो. त्यास खंड म्हणता येणार नाही, कारण तो आता नियमित कार्यक्रमपत्रिकेचाच भाग झाला आहे. पक्षीय आवडीनिवडीचा प्रश्न येथे नाही. कोणत्याही शासनाच्या काळात जे वारंवार ‘विशेष’ म्हणून सांगितले जाते, ते ऐकताना कान बोथट होतात.

शासनालाही हे जाणवले असावे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाने माध्यमांना सूचना दिली, की जनजागृतीचा अपवाद वगळता कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नये. वाहिन्यांनी तो आवाज बातम्यांच्या सजावटीसाठी वापरला होता. खरा भोंगा वाजला तर लोक धावणार नाहीत, ही भीती रास्त होती.

निवेदनाचा मसुदा

आता प्रत्यक्ष निवेदनाकडे वळू. पावसाळ्यात माध्यमांतून ऐकू येणाऱ्या सूचनांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘धरणाच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस सुरू असल्याने पाण्याचा विसर्ग करण्यात येत असून नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी सतर्क राहावे.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे आणि उपयोगाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामे. विसर्ग ‘करण्यात येत आहे’. कोणी केला, किती वाजता केला? पाणी घाटावर केव्हा पोहोचेल? ‘नदीकाठची गावे’ म्हणजे कोणती? ‘सतर्क राहणे’ ही कृती कशी करावयाची? गुरे सोडावयाची, धान्य माळ्यावर चढवावयाचे, की घर सोडावयाचे? पुढे विसर्गाचा आकडा घनमीटर प्रतिसेकंदात दिला जातो. अभियंत्यास तो पुरेसा असतो. धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पुलाच्या कोणत्या खुणेपर्यंत पाणी येईल, हे कळावयास हवे असते.

या वाक्याशेजारी दवंडी ठेवून पाहावी. कोतवाल चौकाचौकांत थांबून डफ वाजवी. तोही गावाच्या नित्य व्यवहारात खंडच पाडत असे. पण त्याच्या निवेदनात हुकूम कोणाचा, कोणासाठी, केव्हापासून आणि न पाळल्यास काय, एवढे सारे थोडक्यात असे; आणि तो तेच पुढील चौकात पुन्हा सांगे. न समजल्यास त्याला थांबवून विचारता येई. दवंडीचे गुणगान करण्याचा हेतू नाही. गावाच्या कोणत्या वस्तीपर्यंत ती पोहोचत असे आणि कोणत्या वस्तीच्या बाहेरूनच परत फिरत असे, हेही आपण जाणतो. परंतु निवेदनाचा मसुदा म्हणून ती आजच्या शासकीय मराठीपेक्षा सरस होती, हे मान्य करावे लागेल.

प्रश्न विचारता येण्याचा हा गुण आकाशवाणीने एकदा आत्मसात केला होता. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत ग्रामीण नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. पॉल न्यूरथ यांनी केलेले त्याचे मूल्यमापन आजही अभ्यासले जाते. एरवीच्या दिवसांत ज्या केंद्राशी श्रोत्याचे असे नाते असते, त्याचाच शब्द संकटाच्या दिवशी मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते विशेष प्रसारणाची खरी तयारी नियमित प्रसारणातच होते, आणि तिथेच आज सर्वाधिक उणीव आहे.

गोंदियाचा प्रश्न

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. वैनगंगा सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतून येऊन गोंदिया व तिरोडा तालुक्यांच्या कडेने वाहते. बाघ नदी तिला येऊन मिळते. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे दरवाजे उघडले, की त्याचा परिणाम काही तासांनी महाराष्ट्राच्या घाटांवर दिसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस हेच घडले. मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि तेथील विसर्ग यांमुळे वैनगंगेला मोठा पूर आला. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चारही जिल्ह्यांना त्याचा फटका बसला आणि खाली गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. दोन राज्यांच्या यंत्रणांतील समन्वयाची जाहीर चर्चा त्यानंतर झाली.

धरण आणि घाट यांच्यामधील हे काही तास हाच विशेष प्रसारणाचा अवकाश होय. तो भरून काढण्यास येथे कोण आहे? पाणी ज्या राज्यातून येते तेथील बालाघाट केंद्र हिंदीतून बोलते. मराठीतून बोलणारे नागपूर केंद्र सर्व विदर्भाला उद्देशून बोलते. नागपूरच्या उद्घोषकाने कार्यक्रम थांबवून तिरोडा तालुक्यातील घाटांची नावे वाचावीत, तर वाशीम-बुलढाण्याच्या श्रोत्याला ती निरर्थक वाटणार. न वाचावीत, तर निवेदन पुन्हा ‘नदीकाठच्या नागरिकांनी’ या साच्यात पडणार. शिवाय जिल्ह्यातील अनेक घरांत पोवारी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलली जाते. शासकीय मराठीतील ‘विसर्ग’ हा शब्द तेथे कितपत पोहोचतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

२८ एप्रिल २०२३ रोजी देशात प्रत्येकी १०० वॅट क्षमतेच्या ९१ एफ.एम. प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. नभोवाणीचा विस्तार म्हणून हे स्वागतार्हच आहे. मात्र केवळ सहक्षेपण करणारा प्रक्षेपक दुसऱ्याचा आवाज पुढे पाठवतो, त्याला स्वतःचा आवाज नसतो. दिल्ली-मुंबईचे गाणे त्याच्यावरून स्पष्ट ऐकू येते, पण ते गाणे थांबवणारा माणूस तेथे नसतो. अमेरिकेतील मायनॉट या लहान शहरात १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर रेल्वे घसरून अमोनिया वायू पसरला. शहरातील सहाही व्यापारी नभोवाणी केंद्रे एकाच कंपनीच्या मालकीची होती. पोलिसांनी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, पण रात्री तो होऊ शकला नाही. दोष पोलिसांच्या उपकरणांचा की कंपनीचा, यावर वाद झाला. एका व्यक्तीचा मृत्यू झाला, हे मात्र निर्विवाद. याउलट जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी एन.एच.के.वर संसदेचे थेट प्रक्षेपण चालू असताना भूकंपाचा इशारा त्यात घुसला. तेथे असा इशारा देण्यासाठी कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. ते प्रसारकाचे कायदेशीर कर्तव्यच आहे.

आज भ्रमणध्वनी असताना नभोवाणीचा आग्रह कशासाठी, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. २०२३ मध्ये देशभर चाचणी म्हणून भ्रमणध्वनी एकाच वेळी किंचाळून उठले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. पहिला इशारा देण्यास ते साधन नभोवाणीहून निश्चितच श्रेष्ठ होय. परंतु ते एक वाक्य देते. त्यानंतरच्या रात्री, वीज गेलेली आणि मनोरे बंद पडलेले असताना, कोणता रस्ता खुला आहे आणि निवारा कोणत्या शाळेत आहे, हे पुन्हा पुन्हा सांगणारा आवाज लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत एफ.एम. केंद्रांनी हे काम केले, तेही बातम्यांची परवानगी नसताना. पुढे २०११ च्या धोरणात वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती, पाणी-वीजपुरवठा यांविषयीची स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती ‘बातमी’ या व्याख्येतून वगळण्यात आली. अनुभव आधी आणि नियम नंतर, हा आपल्याकडील क्रम येथेही दिसतो.

सामुदायिक नभोवाणीचा मार्ग शैक्षणिक संस्थांना या शतकाच्या आरंभीच खुला झाला आणि २००६ च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला. अशा केंद्राची क्षमता साधारण १०० वॅट, पल्ला सुमारे १० किलोमीटर. एखाद्या नदीकाठच्या पट्ट्यास तो पुरेसा आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या दिशेने विचार करावयाचा झाल्यास अभ्यासक्रम, निधी आणि परवाना यांची चर्चा होईलच. त्याआधी एका लहान बाबीचा निर्णय व्हावा. वैनगंगेचे पाणी महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. ऑगस्टमधील एखाद्या रात्री दोन वाजता तहसील कार्यालयातून दूरध्वनी आला, तर तो उचलणार कोण, आणि ध्वनिमुद्रण कक्षाची किल्ली त्या वेळी कोणाकडे असेल?