अंबरचा चेहरा

चित्रातल्या काळ्या माणसाविषयी लिहू लागले की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, नावाचा असतो. युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या सरदार-घराण्यांची चित्रे पाहावीत. रेशमी झग्यातली मालकीण मध्यभागी, आणि एका कडेला फळांचे तबक घेतलेला काळा पोरगा, कित्येकदा गळ्यात चांदीचा पट्टा घातलेला. मालकिणीचे नाव, कूळ, विवाहाचे साल सारे नोंदलेले असते. पोराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवलेले नसते. तिचा गोरेपणा अधिक खुलावा एवढ्यासाठी त्याला तिथे उभे केलेले असते.

आपल्याकडे असे नव्हते, असे कोणी म्हणेल. आमचा विठोबा काळा, कृष्ण सावळा, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या शेजारची श्यामवर्णी स्त्री तर जगाने वाखाणलेली. आम्हां वर्धेकरांना अजिंठा परका नाही. वाकाटकांची प्रवरपुर ही राजधानी म्हणजे धाम नदीकाठचे आमचे पवनार, असे वा. वि. मिराशींनी प्रतिपादले होते. ते सर्वांना मान्य झाले नाही. पण विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना निघालेल्या शिल्पांसमोर उभे राहिले की त्या काळच्या हाताची ओळख पटते. तेव्हा सावळ्या रंगाचे सौंदर्य आपल्या कलावंतांना कळत होते, यात शंका नाही. परंतु देवाचा सावळेपणा हा संकेत आहे. म्हणून तर चित्रकार कृष्णाला खुशाल निळा रंगवतात आणि कोणालाही ते खटकत नाही. समुद्रापलीकडून आलेल्या, हाडामांसाच्या एका काळ्या माणसासमोर बसून त्याचा चेहरा उतरवायचा, ही कसोटी वेगळी. सुदैवाने आपल्या दख्खनच्या इतिहासात तशी कसोटी लागलेली आहे, आणि ती ज्याच्या चेहऱ्यावर लागली तो माणूस म्हणजे मलिक अंबर.

सुमारे १५४८ साली तो हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादेत त्याला अंबर हे नाव मिळाले, आणि हातोहाती विकला जात तो अहमदनगरला चंगीझखानापाशी आला. निजामशाहीचा हा पेशवाही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा झालेल्या या गुलामाने पुढे बुडती निजामशाही सव्वीस वर्षे सावरून धरली, खडकी शहर वसवले, जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली. मराठा सरदारांना हाताशी धरून गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशहा यांच्या एकवटलेल्या फौजा त्याने मोडल्या, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. आमचे पवनार ऐने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून नोंदले आहे. निजामशाहीकडून अकबराने १५९६ साली मिळवलेला हाच सुभा. त्यासाठीही अंबर आणि मोगल पुढे झगडत राहिले.

जहांगीर बादशहाला हा माणूस आयुष्यभर सलत राहिला. आत्मचरित्रात तो अंबरचा उल्लेख करतो तो शिवी हासडूनच, आणि त्या शिव्यांत काळेपणा हटकून येतो. याच रागातून सुमारे १६१६ ते १६२० च्या दरम्यान एक विलक्षण चित्र जन्मले. चित्रकार अबुल हसन; चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. माशाच्या पाठीवर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल, आणि त्या गोलावर उभा राहून बादशहा धनुष्य ताणतो आहे. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे छिन्न मस्तक, त्यावर बसलेले घुबड. वर आकाशात फिरंगी धाटणीची देवदूत-बालके शस्त्रे पुरवीत आहेत. आजूबाजूला फार्सी अक्षरांत बादशहाची स्तुती आणि शत्रूची निंदा.

रेखन इतके नाजूक की पाहणारा थक्क व्हावा. पण यातले काहीही घडलेले नाही! अंबरचे मस्तक जहांगीरच्या हाती कधी लागलेच नाही. १६२६ साली तो ऐंशीच्या घरात असताना वार्धक्याने वारला. रणांगणावर जे साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले. सत्तेच्या आज्ञेने कला किती गोड खोटे बोलते, याचा याहून ठळक दाखला मला तरी ठाऊक नाही.

आता दुसरे चित्र. तेही त्याच सुमाराचे, आणि नवल असे की तेही मोगलांच्याच पदरी असलेल्या चित्रकाराचे. हाशिम हा त्याचा कर्ता. चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इथे घुबड नाही, भाला नाही, देवदूतही नाहीत. एका बाजूने दिसणारा, वयाने पिकलेला एक भरदार पुरुष पांढऱ्या अंगरख्यात उभा आहे. काळ्या कातडीवर पांढऱ्या मलमलीचा झिरझिरीतपणा चित्रकाराने असा पेलला आहे की दोन्ही रंग एकमेकांना मान देतात. नाक, ओठ, जबडा, पोटाचा घेर काहीच सुधारून घेतलेले नाही, आणि काहीच विद्रूपही केलेले नाही. हा कोणी ‘एक हबशी’ नव्हे. हा अंबर आहे, आणि आपण कोण आहोत हे त्याला ठाऊक आहे.

एका दरबारात, एकाच शत्रूची अशी दोन चित्रे निघावीत याचा अर्थ काय? माझ्या मते अर्थ असा, की अबुल हसनचा कुंचला धन्याच्या रागाला बांधलेला होता आणि हाशिमचा डोळ्यांना. लेखणीच्या बाबतीतही हेच झाले. अंबर वारला तेव्हा मोगल इतिहासकार मुतमदखानाने, युद्धकलेत आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता अशी कबुली देऊन टाकली. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अबुल हसनलाही छिन्न मस्तक अंबरचेच आहे हे ओळखू यावे लागले. नाहीतर अपमान वाया गेला असता. फिरंग्यांच्या चित्रातल्या तबकधारी पोराला ही दखलही लाभली नाही. त्याचा अपमान करण्याचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती.

हे उणे भरून काढण्याचा प्रयत्न अलीकडे तिकडे सुरू झाला आहे. मारी-गियेमिन बनुआ या चित्रकर्तीने १८०० साली एका काळ्या स्त्रीचे सुंदर चित्र काढले होते. पण नावात तिच्या वंशाखेरीज काही नव्हते. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या प्रदर्शनात ते तिच्या स्वतःच्या नावाने, मादलेनचे चित्र म्हणून, टांगले गेले. दोनशे एकोणीस वर्षांनी एका बाईला तिचे नाव परत मिळाले!

पण नाव मिळाले तरी कुंचला दुसऱ्याच्याच हातात राहतो. तो आपल्या हाती आला म्हणजे काय होते? स्पेनच्या व्हेलाझ्क्वेझने १६५० साली आपला गुलाम हुआन दे पारेहा याचे चित्र काढले. त्यात तो एखाद्या उमरावासारखा रुबाबात पाहतो. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला, आणि १६६१ सालच्या एका मोठ्या धार्मिक चित्राच्या कडेला, हाती आपल्या सहीचा कागद धरून, त्याने स्वतःला उभे केले. मात्र तिथे त्याचा वर्ण धन्याने रंगवला त्याहून उजळ दिसतो! कुंचला त्याचा झाला होता. डोळे अजून दुसऱ्यांचे होते. याला हसू नये. मुलगी ‘दाखवायचा’ फोटो उजळ करून घेणाऱ्या आपल्या स्टुडिओंनी आणि आता आपल्या हातातल्या फोनने तरी दुसरे काय केले? अभ्यंगस्नानाच्या उटण्याच्या पुडीवर ‘वर्ण उजळतो’ असे छापलेले असते, आणि आपण ते वाचून खूश होतो.

दख्खनच्या हबशांनी काढलेली स्वतःची चित्रे माझ्या पाहण्यात नाहीत. विजापूरच्या इखलासखानाला हैदरअली आणि इब्राहिमखान या चितेऱ्यांनी सुमारे १६४५ साली मुहम्मद आदिलशहाच्या मागे एकाच हत्तीवर बसवले. मान मोठा, पण हात दुसऱ्यांचा. यांची आत्मचित्रे शोधायची तर ती दगडात शोधावी लागतात. अहमदाबादेत सिदी सैयदने १५७३ च्या सुमारास बांधलेल्या मशिदीची झाडाच्या नक्षीची जाळी पाहावी, खुलताबादेत अंबरची कबर पाहावी, भर समुद्रातला जंजिरा पाहावा. दगडाला वर्ण विचारायची चाल नसल्यामुळे या कामांचे कौतुक निर्मळपणे झाले. कर्त्याचा चेहरा मात्र मनातून पुसला गेला.

आपल्या कथाकादंबऱ्यांत सिद्दी येतो तो बहुधा क्रूर डोळ्यांचा शत्रू म्हणून. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपल्याला पाठ असतो; तोच वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेला सिद्दी हिलाल किती जणांना आठवतो? दूरच्या काळ्या माणसाचे दुःख आपल्याला कळते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळे करणाऱ्यांना. १९३६ च्या अखेरीस बेंजामिन मेज हे अमेरिकेतले काळे विद्वान, पुढे मार्टिन ल्यूथर किंगचे गुरू झालेले, गांधीजींना भेटायला वर्ध्यालाच आले होते. या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातच. पण शेजारचा सिद्दी आपल्याला परदेशी वाटतो.

तो शेजारी आहेच. उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दींची वस्ती आहे. घरात ते कोकणी बोलतात. त्यांच्या बायका जुनेरांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून टाके आत आत नेत मध्यावर यायचे, असा त्यांचा रिवाज. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता रंग ठेवायचा हे शिवणारीच ठरवते. तिथे बादशहा नाही, धनी नाही, आणि उजळ करून घेण्याची घाईही नाही. अंबरच्या चेहऱ्याइतकेच या कवंद्यांकडे आपल्या कलासमीक्षेने आजवर पाहायला हवे होते. संग्रहालयांनी त्या मांडताना प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव तेवढे विसरू नये.