उपमा आणि नकाशा : शहरांच्या हवामानबदलाचे एक दृश्यरूप

अलंकारशास्त्रात उपमेची चार अंगे सांगितली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि सादृश्यवाचक शब्द. उर्दूच्या इल्मे-बयानमध्ये यांनाच मुशब्बह, मुशब्बह बिही, वज्हे-शबह आणि हर्फे-तश्बीह म्हणतात. भाषेच्या अध्यापकाने विज्ञानातील एका साधनाविषयी लिहावे, याचे कारण इतकेच की त्या साधनाचा सारा आधार उपमा हाच आहे.

अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या पर्यावरण विज्ञान केंद्राचे मॅथ्यू फिट्झपॅट्रिक आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट डन यांनी २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतील ५४० नागरी क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोबत एक संवादी वेब अ‍ॅपही सर्वांसाठी खुले केले. नकाशावर आपले शहर निवडले की तेथून एक रेषा निघते आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन थांबते. आपल्या शहराचे २०८० च्या सुमाराचे हवामान त्या ठिकाणच्या आजच्या हवामानासारखे असेल, असा त्या रेषेचा अर्थ. उत्सर्जन वाढतच राहिले तर वॉशिंग्टनचे हवामान उत्तर मिसिसिपीसारखे होईल. सर्व शहरांचे हे ‘स्थलांतर’ सरासरी सुमारे ८५० किलोमीटर भरते. पुढे या अ‍ॅपची व्याप्ती जगभरातील शहरांपर्यंत वाढवण्यात आली.

या कल्पनेचे मोल मान्य केले पाहिजे. ‘तापमान तीन अंशांनी वाढेल’ या वाक्याने विद्यार्थ्याच्या मनात काहीही उभे राहत नाही. ‘तुमचे गाव अमक्या गावासारखे होईल’ म्हटले की तो थांबतो. अमूर्त आकड्याला जागा मिळते आणि आकडा आठवणीशी जोडला जातो.

परंतु उपमेच्या कसोट्या येथेही लावणे आवश्यक आहे. पहिली कसोटी उपमानाची. ते वाचकाच्या परिचयाचे असावे लागते. वॉशिंग्टनमधील नोकरदाराला मिसिसिपी ऐकून तरी माहीत असते. बेळगावच्या विद्यार्थ्यापुढे कधी न ऐकलेले दूरचे गाव ठेवले, तर त्याला नकाशावरचा एक ठिपकाच तेवढा दिसेल.

दुसरी कसोटी साधारण धर्माची, आणि ती अधिक गंभीर आहे. या अभ्यासात चार ऋतूंचे कमाल तापमान, किमान तापमान आणि पर्जन्य असे एकूण बारा घटक घेतले आहेत. माणसे मात्र बहुधा सरासरीने मरत नाहीत. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे संशोधनातून दिसून आले. २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा तयार झाला, त्यामागे हाच अनुभव होता. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापुराने हाहाकार उडाला, तोही मोजक्या दिवसांच्या पावसामुळे. ऋतूच्या सरासरीत असे दिवस विरघळून जातात. पत्र्याच्या खोलीत राहणारा आणि वातानुकूलित घरात राहणारा, या दोघांसाठी नकाशा एकच रेषा काढतो.

तिसरा मुद्दा उपमानाच्या अभावाचा. अनेक शहरांच्या भावी हवामानाला आज कोठेही नेमका जोड सापडत नाही, हे अभ्यासकांनी स्वतःच नोंदवले आहे. त्यातल्या त्यात जवळचे ठिकाण दाखवले जाते, पण रेषा इतकी ठळक असते की हा खुलासा मागे पडतो. खरे तर अशा शहरांची स्थिती अनन्वयासारखी आहे. त्यांना दुसरे उपमान नाही, आणि ही बाब कोणत्याही साम्यापेक्षा अधिक भयावह आहे.

याशिवाय, सर्वाधिक उत्सर्जनाचा जो मार्ग गृहीत धरून हे नकाशे प्रथम गाजले, तो आता पूर्वीइतका संभाव्य मानला जात नाही. म्हणून वर्गात उत्सर्जन घटवल्यानंतरचे चित्रही शेजारी दाखवावे. त्या दोन रेषांमधील अंतर हाच माणसाच्या हाती असलेला भाग आहे.

पर्यावरण अभ्यास हा विषय आपल्या महाविद्यालयांत बहुतेक वेळा पाठ करून संपवला जातो. तेथे हे साधन अवश्य वापरावे. मात्र रेषा दाखवून थांबू नये. साम्य नेमके कशात आहे, काय वगळले आहे आणि आपल्या मोहल्ल्यातील कोणाला त्याची झळ आधी बसेल, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावेत. ते काम अ‍ॅप करणार नाही. ते अध्यापकालाच करावे लागेल.