‘अप्रीती’चा अर्थ : १८९७ च्या एका निरूपणाचे परीक्षण

संकटकाळी वाणीस्वातंत्र्यावर मर्यादा असावी की नसावी, हा प्रश्न राज्यशास्त्राचा होय. परंतु ती मर्यादा ज्या शब्दांनी घातली जाते, त्यांच्या अर्थाची चिकित्सा भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. या दृष्टीने लोकमान्य टिळकांवरील १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीपुढे केलेले निरूपण तपासण्याजोगे आहे.

पुण्यात प्लेगचा कहर ओसरल्यावर २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्यापूर्वी आठवडाभर, १५ जूनच्या ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर १२४-अ कलमाखाली खटला झाला. कलमातील ‘डिस्‌अफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असे सांगून स्ट्रेची यांनी सर्व प्रकारचा दुर्भाव त्यात अंतर्भूत केला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा झाली ती दीड वर्षाच्या सक्तमजुरीची.

आपल्या वैयाकरणांनी ‘नञ्’चे सहा अर्थ मानले असून त्यांत अभाव आणि विरोध हे भिन्न गणले आहेत. ‘अपाप’ म्हणजे पापाचा अभाव. ‘अधर्म’ म्हणजे मात्र धर्माच्या विरुद्ध असलेले. इंग्रजी ‘डिस्‌लाइक’चा अर्थही आवड नसणे असा नव्हे, तर नावड असणे असा आहे. स्ट्रेची यांनी विरोधाच्या जागी अभाव बसविला. सरकारी उपायांविषयी नापसंती दर्शविण्याची मुभा कलमात होती. पण अशी टीका वाचून वाचकाची प्रीती यत्किंचितही उणावणार नाही, हे कसे संभवावे? अभावार्थ स्वीकारताच ती मुभा पोकळ ठरते.

हा भेद तत्कालीन न्यायासनास अगम्य होता, असेही नाही. त्याच वर्षी, त्याच मुंबई उच्च न्यायालयात, ‘प्रतोद’ पत्राच्या प्रकरणी न्यायमूर्ती रानडे यांनी ‘डिस्‌अफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा निव्वळ अभाव नव्हे, तर राजद्रोहाच्या जवळ जाणारी प्रत्यक्ष विन्मुखता होय, असा निर्वाळा दिला. पुढे १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम हिंसा वा अव्यवस्था माजविण्याकडे कल असलेल्या कृत्यांपुरते मर्यादित केले.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा शब्द उरलेला नाही. तथापि तिच्या १५२ व्या कलमात फुटीर कारवायांच्या ‘भावनां’चा उल्लेख आहेच. कृत्याला पुरावा असतो. भावनेचा अर्थ मात्र लावावा लागतो, आणि संकटकाळी तो विस्तारतो. म्हणून अशा शब्दांची व्याप्ती शांततेच्या काळातच निश्चित होणे अगत्याचे आहे.