लूकच्या लेखनाची ऐतिहासिक विश्वसनीयता

नव्या करारातील लूकचे शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये हे दोन ग्रंथ एकाच लेखकाचे असून ते मूळ ग्रीक भाषेत आहेत. परंपरेनुसार हा लेखक म्हणजे सेंट पॉलचा सहकारी वैद्य लूक होय. तथापि मूळ संहितेत लेखकाचे नाव आढळत नाही. शुभवर्तमानाचा रचनाकाळ बहुतेक अभ्यासक इ. स. सु. ८०–९० असा मानतात. प्रत्यक्षदर्शींकडून चालत आलेल्या वृत्तान्तांची बारकाईने चौकशी करून ते क्रमवार मांडल्याचे लेखक प्रस्तावनेत सांगतो. चार शुभवर्तमानकारांपैकी आपल्या लेखनपद्धतीविषयी असे निवेदन करणारा तो एकटाच. त्यामुळे त्याच्या लेखनास इतिहासाची कसोटी लावणे न्याय्य ठरते.

या कसोटीत सर्वांत वादग्रस्त ठरलेला उल्लेख येशूच्या जन्मकथेतील नावनिशीचा होय. लूकच्या मते रोमन सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने, सिरियाचा सुभेदार क्विरीनियस याच्या कारकीर्दीत ही शिरगणती झाली आणि तीसाठी योसेफ व मरिया नाझरेथहून बेथलेहेमला गेली. हीच कथा तो हेरोद राजाच्या काळात घालतो. परंतु हेरोद सामान्यतः इ. स. पू. ४ मध्ये मृत्यू पावल्याचे मानले जाते, तर यहुदी इतिहासकार जोसीफसच्या वृत्तान्तानुसार क्विरीनियसची शिरगणती इ. स. ६ मध्ये, यहूदीया प्रांत रोमच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आल्यावर झाली. हेरोदच्या मृत्युसमयी सिरियाचा सुभेदार व्हारस हा होता. शिवाय नाझरेथ ज्या गालीलमध्ये होते, तेथे इ. स. ६ मध्ये हेरोद अँटिपसची सत्ता होती. त्यामुळे रोमन शिरगणतीचा तेथील रहिवाशांशी संबंध पोहोचत नाही.

या विसंगतीचा परिहार करण्याचे अनेक प्रयत्न झाले. क्विरीनियसने पूर्वी एकदा सिरियाची सुभेदारी केली असावी, अथवा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिली’ असा न घेता ‘पूर्वीची’ असा घ्यावा, असे सुचविण्यात आले. पहिल्या सुचवणीस स्पष्ट पुरावा नाही. दुसरीतील अर्थ ओढून ताणून घेतलेला वाटतो. ईजिप्तमधील इ. स. १०४ च्या एका रोमन आज्ञापत्रात लोकांना शिरगणतीसाठी स्वगृही परतण्यास सांगितले आहे. पण तेथे स्वगृह म्हणजे नित्याचे निवासस्थान, दूरच्या पूर्वजांचे गाव नव्हे. म्हणून लूकची येथे कालगणनेत चूक झाली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

याउलट प्रेषितांची कृत्ये या ग्रंथातील प्रशासकीय तपशील अनेक ठिकाणी अचूक आहेत. थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांसाठी लेखकाने वापरलेला ‘पोलिटार्क’ हा शब्द अन्य ग्रीक साहित्यात जवळजवळ आढळत नाही. मात्र त्याच नगरातील शिलालेखांत तो मिळाला. पॉलला करिंथ येथे ज्याच्यासमोर उभे केले, त्या गॅलिओचा उल्लेख डेल्फी येथील सम्राट क्लॉडियसच्या कोरीव पत्रात असून त्यावरून त्याचा अधिकारकाळ इ. स. सु. ५१-५२ असा ठरतो. आशिया मायनरच्या संशोधनानंतर सर विल्यम रॅम्झी (१८५१–१९३९) यांनी लूकला श्रेष्ठ इतिहासकारांच्या पंक्तीत बसविले, ते अशाच पुराव्यांच्या बळावर.

तथापि रॅम्झी यांचा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे जातो. अधिकाऱ्याचे पदनाम बरोबर असले, म्हणजे त्याच्यासमोर झालेले भाषण शब्दशः खरे ठरत नाही. गमालिएलच्या तोंडी लेखकाने घातलेला थ्यूडसच्या बंडाचा उल्लेख जोसीफसच्या कालगणनेनुसार त्या भाषणानंतरच्या घटनेचा आहे. उलट नावनिशीचा काळ चुकला, म्हणून संपूर्ण ग्रंथ कल्पित ठरविणेही तितकेच अयोग्य होय. येशूचा जन्म हेरोदच्या काळी बेथलेहेमात झाला व तो नाझरेथला वाढला, याबाबत मॅथ्यू व लूक यांचे एकमत आहे. मात्र ही दोन स्थळे जोडण्यासाठी दोघांनी दिलेल्या हकिकती भिन्न आहेत. नावनिशीने लूकच्या कथेतील हाच दुवा साधला जातो, आणि जगज्जेत्या सम्राटाची आज्ञाही नकळत ईश्वरी योजनेस साहाय्यभूत होते, हा त्याचा धर्मविचारही तीतून व्यक्त होतो.

लेखकाच्या काळास निकट अशा पॉलच्या प्रवासांविषयी त्याची माहिती भक्कम आहे, सु. ऐंशी वर्षांपूर्वीच्या जन्मकथेत ती दुबळी पडते. त्यामुळे लूक विश्वसनीय आहे किंवा नाही, असा सरसकट प्रश्न फलदायी ठरत नाही. प्रत्येक विधान त्याच्या स्वतंत्र पुराव्यावर तोलावे लागते. ख्रिस्ती श्रद्धा ऐतिहासिक घटनांवर आधारल्याचा दावा करते. म्हणून ही चिकित्सा तिच्यावरील आघात नसून त्या दाव्याचा गांभीर्याने केलेला स्वीकारच होय.