आहुजाच्या पेटीतला लेसर

पेटी आहुजाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची आहे. कुठल्याही मंडळाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली असते तशीच: जाड पत्रा, पुढच्या पट्टीवर माइक, बास, ट्रेबल, मास्टर ही छापील अक्षरं. आतला वजनदार ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडे गेला आणि त्या जागी पनवेलच्या एका हौशी माणसानं तीन रंगांचा लेसर प्रोजेक्टर बसवला. 'मास्टर'च्या भोकात आता किल्लीचा स्विच आहे, 'माइक'च्या भोकात छोटा लाल दिवा. तो लागला की समजायचं, आत लेसर चालू आहे. बास आणि ट्रेबलला रबरी बुचं. मूळची अक्षरं त्यानं खरवडली नाहीत, हे मला फार आवडलं.

झाकण उघडलं की या पेटीतली खरी अडचण कळते. अ‍ॅम्प्लिफायरला वारा लागतो, म्हणून त्याच्या अंगाला फटीच फटी. लेसरला वारा वैरी. भिंगावर बसलेला धुळीचा एक कण किंवा स्मोक मशीनच्या धुराचा तेलकट थर किरण विस्कटायला पुरेसा होतो. म्हणून इथं सगळ्या फटी आतून पत्रा लावून बुजवल्या आहेत. डायोडची उष्णता जाड अ‍ॅल्युमिनियमच्या तळपाटातून थेट पेटीच्या बुडाला जाते, आणि पंखा त्या बुडाला बाहेरून वारा घालतो. पनवेलचा जुलै लक्षात घेता हे शहाणपणाचं आहे. इथल्या पावसाळी हवेत चोवीस-पंचवीस अंशांखाली काहीही थंड केलं की त्यावर दव धरतं; कौतुकानं बर्फगार केलेल्या डायोडपुढचं भिंग घामेजतं. त्यामुळे याचे डायोड कोमटच राहतात. सिलिका जेलच्या पुड्याही कोपऱ्यात आहेत, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या.

तळपाटावर तीन किरण तीन बाजूंनी येतात: लाल ६३८ नॅनोमीटरचा, हिरवा ५२० चा, निळा ४४५ च्या आसपासचा. निळ्याची कथा मजेशीर आहे. कॅसिओनं २०१० साली दिव्याऐवजी निळे लेसर वापरणारे ऑफिसचे प्रोजेक्टर बाजारात आणले. काही मॉडेलांत एकेका यंत्रात चोवीस डायोड होते. सुटा तसा डायोड तेव्हा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी चांगले चालते प्रोजेक्टर फोडले. या छंदात जुनं ते नुसतं स्वस्त म्हणून घेत नाहीत. कधी कधी हवी ती वस्तू फक्त दुसऱ्या कशाच्या तरी पोटातच मिळते.

एक रंग परतवणाऱ्या आणि बाकीचे आरपार जाऊ देणाऱ्या काचांवरून हे तिन्ही किरण एका वाटेला लागतात. कारागिराची परीक्षा इथं. काच एक मिलिरेडियन कलली तर दहा मीटरवरच्या भिंतीवर तो रंग दोन सेंटिमीटर सरकतो आणि पांढऱ्या रेघेला एका बाजूनं लाल किनार दिसू लागते. मी कुठलाही प्रोजेक्टर आधी पांढऱ्या रेघेवरून जोखतो. रंगीत नक्षीत सगळं खपून जातं, पांढऱ्यात काही लपत नाही. या पेटीची पांढरी रेघ पहिल्या दहा मिनिटांत थोडी फुटते, तळपाट तापून स्थिरावलं की मिटते.

पुढं नखाएवढे दोन आरसे, गॅल्व्हो. एक किरणाला आडवा हलवतो, दुसरा उभा. ही कल्पना लेसरपेक्षा शंभर वर्षांनी जुनी: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सच्या लिसाजूनं दोन ट्यूनिंग फोर्कना आरसे लावून, त्यांवरून उजेड परतवून भिंतीवर वेटोळी काढली होती. लेसर १९६० मध्ये आला, आणि लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९७३ साली 'लेसेरियम' हा तिकीट लावून दाखवलेला लेसरचा खेळ सुरू झाला. आजचे गॅल्व्हो सेकंदाला तीस हजार बिंदू गाठतात. म्हणजे हजार बिंदूंचं चित्र सेकंदात तीसदा काढून होतं. त्याहून भरगच्च केलं की ते लुकलुकायला लागतं. म्हणून लेसरच्या चित्रकाराला काटकसर करावीच लागते.

आरशाला वजन आहे, हे विसरून चालत नाही. तो वेगात असताना काटकोनात वळ म्हटलं तर वळत नाही, कोपरा गोल करतो. लेसरवाल्या मंडळींचं जे प्रमाण चाचणीचित्र आहे, त्यात चौकोनाच्या आत वर्तुळ दिसतं. मात्र फाइलमध्ये ते वर्तुळ चौकोनापेक्षा मोठं असतं. आरसे मागं पडतात म्हणून ते आकसतं, आणि जुळणी नेमकी असेल तर चौकोनाला आतून टेकतं. यंत्राची उणीव आधीच हिशेबात धरणारी इतकी देखणी चाचणी दुसऱ्या कुठल्या यंत्राला नसेल.

आता भिंतीवरचं काम. पेटीच्या कारागिरानं 'मोरया' लिहिलंय. देवनागरी ही लेसरसाठी अवघड लिपी: सगळी शिरोरेषेला टांगलेली, आणि या एका शब्दात चार दांडे. दांडा उतरून किरण परत त्याच वाटेनं वर गेला तर दांडा दुप्पट उजळ होतो आणि शिरोरेषा त्याच्यापुढं फिकी पडते. म्हणून परतीच्या वाटेवर त्यानं लेसर विझवला आहे. आरसा हलतोय, उजेड नाही. दांडा शिरोरेषेला मिळतो तिथं तीनचार बिंदू थांबायचं, नाहीतर सांधा सुटतो. जास्त थांबलं तर तिथं मणी उमटतो. पहिल्या तीन दांड्यांना सांधे स्वच्छ आहेत. शेवटच्या कान्याला मणी आहेच.

सगळ्यात सुंदर जागा शेजारच्या ॐ मध्ये आहे. बिंदू काढायचा म्हणजे किरण एका ठिकाणी उभा करायचा, असं कुणालाही वाटेल. पण उभा किरण म्हणजे सगळी ताकद एका ठिपक्यात. त्यानं बिंदू म्हणजे एक इवलंसं वर्तुळ केलं आहे, सतत फिरणारं. लांबून तो बिंदूच वाटतो. आरसे अडले तर लेसर क्षणात बंद करणारं सर्किट पेटीत आहे, तरी त्यानं चित्रातही ही काळजी घेतली आहे.

ही काळजी मिरवणुकीत दिसत नाही. डोळ्याची पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. त्यावर भरवसा ठेवायचा तो एका मिलिवॉटपर्यंत. डीजेच्या गाडीवरचे लेसर वॉटांच्या मापातले. माणसांच्या तोंडावरून सपासप फिरणाऱ्या त्या हिरव्या पात्यांनी अनेकांचे डोळे दुखावले, आणि पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांना बंदी घालावी लागली. मला तर ते बघायलाही रटाळ वाटतं: दोन मिनिटं झाली की त्यात पाहण्यासारखं काही उरत नाही. वर मारायचीही आता सोय नाही. नवी मुंबईचं विमानतळ पनवेलच्या उंबऱ्याशी आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडताहेत. या पेटीला भिंतच बरी, आणि किरण बघणाऱ्यांच्या डोक्यावरून बराच उंच.

एक दोष मात्र सांगायलाच हवा. हिरवा फार आहे. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात लवकर दिसतो. त्याच ताकदीचा ६३८ चा लाल हिरव्याच्या शिखराच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका उजळ वाटतो आणि निळा तर त्याहून कितीतरी मंद. त्यामुळे 'मोरया'चा पांढरा किंचित कच्च्या कैरीकडं झुकतो. हिरव्याचा स्क्रू पाव फेरा मागं घेतला की काम होईल. पण तिन्हींत महाग पडला तो हिरवा डायोड, आणि एवढे पैसे मोजून तो कमी जाळायचा हे काही त्याला पटत नाही.