बँक-व्यवहार कर : एका कल्पनेचा प्रवास

मुख्य प्रवाहातील अर्थशास्त्रात मांडली गेलेली एखादी बँकिंग-सुधारणा राजकारणाच्या कडेला उभ्या असलेल्या गटाने उचलली, म्हणजे अभ्यासकांच्या हातून तिच्यावर बहुधा दोन प्रकारचा अन्याय होतो. कोणी पुरस्कर्त्यांकडे पाहून ती हसण्यावारी नेतो. कोणी तिचे विद्यापीठीय कूळ पाहून पुरस्कर्त्यांनाच शास्त्राची प्रतिष्ठा बहाल करतो. वस्तुतः पाहावयाचे ते एवढेच की, या प्रवासात मूळ कल्पनेतील काय गळून पडले.

महाराष्ट्रापुरते पाहता अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. आयात-शुल्काखेरीज सर्व कर रद्द करावेत; त्यांऐवजी बँकेत जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर सुमारे २ टक्के कर घ्यावा; ५० रुपयांवरील नोटा काढून घ्याव्यात; रोख व्यवहारावर कर नसावा, मात्र त्यास मर्यादा असावी, असा हा प्रस्ताव. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एडगर फायगे यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या योजनेशी त्याचे साम्य उघड आहे. परंतु फायगे यांच्या योजनेत बँकेत येणाऱ्या व बँकेतून जाणाऱ्या रोख रकमेवर अधिक दराने कर होता. कारण एकच नोट अनेक हातांतून फिरते. येथे रोख रक्कम करमुक्त. लहान नोटांची गैरसोय हाच रोखीवरील कर, असे समर्थक म्हणतील. पण गैरसोयीने सरकारी तिजोरी भरत नाही.

कन्हानसारख्या गावी हा भेद पुस्तकी राहत नाही. परिसरातील कोळसा-खाणीच्या कायम कामगाराचे वेतन बँकेत जमा होते. २०,००० रुपयांच्या वेतनावर ४०० रुपये तेथेच कापले जातील. बाजारात रोखीने माल विकणारा मात्र मोकळा. पुढे पारशिवनी-रामटेककडील धानाचे पाहा. शेतकरी, अडत्या, भातगिरणी, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशा पाच खात्यांतून किंमत फिरली, तर कर पाच वेळा बसेल. गिरणीपासून दुकानापर्यंत सारे एकाच कंपनीचे असेल, तर तीनदाच. शिवाय हा कर नफ्यावर नसून उलाढालीवर आहे. ज्याला शेकडा ३ रुपये सुटतात, त्याने शेकडा २ द्यावयाचे, किंवा ते गिऱ्हाइकावर ढकलावयाचे.

हा दोष नवा नाही. याच कारणास्तव पश्चिम जर्मनीने १९६८ साली साखळीने साचणारा उलाढाल-कर सोडून मूल्यवर्धित कर स्वीकारला. महाराष्ट्रातील २००५ चा मूल्यवर्धित कर व २०१७ चा वस्तू व सेवा कर यांत आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, तीही त्यासाठीच. ब्राझीलचा बँक-व्यवहार कर २००७ अखेर संपला. त्याचा दर अखेरीस ०.३८ टक्के होता आणि तो इतर करांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हे. ‘अर्थक्रांती’ने शास्त्राकडून कराची कल्पना घेतली, त्या कराविरुद्ध शास्त्राने जमविलेला अनुभव मात्र घेतला नाही.

तथापि या चळवळीवर जो आरोप सर्वांत अधिक होतो, तो मला अन्यायाचा वाटतो. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी नागपूरचे नितीन गडकरी यांनी करबदलाच्या या विचाराची जाहीर चर्चा केली. पक्षाच्या जाहीरनाम्यात मात्र तो आला नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तिचे पितृत्व लोकांनी बोकिलांना देऊन टाकले. पण मूळ प्रस्तावात नोटा काढणे हे कर रद्द करण्याशी बांधलेले होते. सरकारने कर ठेवले, आणि मोठ्या नोटा नाहीशा करण्याऐवजी २००० रुपयांची नवी नोट काढली, जी रिझर्व्ह बँकेस मे २०२३ मध्ये परत बोलवावी लागली. रद्द नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांकडे परत आली, हे रिझर्व्ह बँकेच्याच २०१७-१८ च्या अहवालात नमूद आहे. चळवळीने शास्त्रातील अर्धे उचलले होते. सत्तेने चळवळीतील अर्धे उचलले. विद्यापीठांतील आपण मंडळींनी यांपैकी पहिले अर्धे वेळीच तपासून प्रसिद्ध केले असते, तर नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बदलण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला निदान कोणाला जाब विचारावयाचा, हे तरी कळले असते.